माशांचे भांडण आणि मालकाची घाई

दुकानातून हौसेने आणलेले दोन छोटे क्लाउनफिश, म्हणजे मुलांच्या भाषेत 'निमो', पहिले दोन-चार दिवस टाकीत गुण्यागोविंदाने राहतात. मग एके दिवशी थोराड मासा लहानाच्या मागे लागतो, त्याला कोपऱ्यात दाबतो, शेपटीचा चावा घेतो. लहान मासा आडवा होऊन थरथरू लागतो. घरात गडबड उडते. मुले रडवेली होतात, लहान माशाला झटके येताहेत असे वाटते आणि संध्याकाळपर्यंत दोघांपैकी एकाची रवानगी दुकानात होते. कोणी भांडण सोडवायला म्हणून तिसरा मासा आणून सोडतो. हे दोन्ही उपाय निदानाआधी केलेल्या उपचारासारखे आहेत आणि दोन्हींत मासे हकनाक मरतात.

क्लाउनफिश जन्मतः नर किंवा मादी नसतो. पिल्लांचे लिंग ठरलेले नसते. समुद्रात ती ज्या गटात राहायला जातात, तिथला क्रम ते ठरवतो. एका समुद्रफुलात, म्हणजे सी अ‍ॅनिमोनमध्ये, सर्वात मोठा मासा ही मादी, त्याखालचा प्रजननक्षम नर आणि बाकीचे आकाराच्या उतरत्या क्रमाने रांगेत उभे असलेले उमेदवार. मादी मेली की नराची मादी होते आणि रांगेतला पुढचा नर बनतो. हान्स आणि सिमोन फ्रिके यांनी 1977 मध्ये 'नेचर'मध्ये दाखवून दिले, की या व्यवस्थेला धरून ठेवणारा दोर म्हणजे मादीचा दरारा. तिच्या सततच्या दमदाटीमुळे नर हा नरच राहतो. थोडक्यात, 2003 च्या त्या गाजलेल्या चित्रपटात जीवशास्त्र पाळले असते, तर निमोच्या बापाची यथावकाश आई झाली असती.

घरच्या टाकीत दोन पिल्ले सोडली, की हाच प्रश्न त्यांच्यापुढे येतो: दोघांत मादी कोण होणार? कागदावर लिहून हा प्रश्न सुटत नाही, पाठलागाने सुटतो. मोठा मासा दात एकमेकांवर आपटून टकटक आवाज काढतो. 2007 मध्ये 'सायन्स'मध्ये या आवाजाची उकल झाली. धाकटा आडवा होऊन थरथरतो. हे झटके नव्हेत, ती शरणागती आहे. 'मोठेपण तुझे, मला राहू दे' एवढाच तिचा अर्थ. ही शरणागती मान्य झाली, की चावे थांबतात. काही दिवसांत किंवा काही आठवड्यांत दोघे एकाच कोपऱ्यात झोपू लागतात. पाठलाग करणारा मासा भराभर वाढतो आणि दुसरा मुद्दाम वाढ रोखल्यासारखा लहान राहतो. पापुआ न्यू गिनीत काम करणाऱ्या पीटर बस्टन यांनी 2003 मध्ये हेच नोंदवले. रांगेतला खालचा मासा वरच्याच्या अंगावर येईल इतका वाढतच नाही. वरचा खालच्यापेक्षा लांबीने साधारण सव्वापट राहतो. अन्न कमी पडले म्हणून हे होत नाही. अंगाने बरोबरी केली तर हकालपट्टी ठरलेली असते.

वैद्यकाच्या दृष्टीने यातला सर्वात विलक्षण भाग मेंदूचा आहे. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात दोन नर एकत्र ठेवून अभ्यास झाला. तो 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. वरचढ ठरलेल्या माशाच्या मेंदूतील, प्रजननाचे नियंत्रण करणारा भाग काही महिन्यांतच मादीसारखा झाला. त्याच्या प्रजननग्रंथी मात्र त्यानंतरही बराच काळ नराच्याच होत्या. म्हणजे आधी नाते ठरते, मग मेंदू बदलतो आणि शरीर सर्वांत शेवटी मागून येते. सामाजिक परिस्थिती शरीरावर किती खोल लिहू शकते, याचे इतके स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडते. टाकीतला तो पाठलाग या बदलाची पहिली पायरी असतो. दर आठवड्याला जोडीदार बदलणारा मालक ही पायरी पुन्हा पुन्हा पहिल्यापासून चढायला लावतो.

मग सगळे सहन करून नुसते बघत बसावे का? तेही चूक. समुद्रात हरलेल्या माशाला निघून जाता येते. काचेच्या पेटीत पळायला जागाच नसते. त्यामुळे पाहायचे ते पाठलागाकडे नव्हे, तर धाकट्याच्या अंगाकडे. तो खातो आहे, पंख शाबूत आहेत, थरथरला की मोठा मागे सरतो, तर ढवळाढवळ नको. पण पंख फाटलेले, अंगावर ओरखडे, श्वास धापा टाकल्यासारखा, दिवसभर पृष्ठभागाजवळ किंवा पंपाच्या आडोशाला दडून राहणे, खाणे बंद, यांतले काही दिसले तर त्याच दिवशी वेगळे करावे. शक्यतो मोठ्यालाच छिद्रे असलेल्या जाळीच्या डब्यात, त्याच टाकीत, काही दिवस ठेवावे. दोघे एकमेकांना दिसत राहतात, पण इजा होत नाही. आणि त्याआधी पाणी तपासावे. नव्या टाकीत अमोनिया वाढलेला असेल, तर धापा टाकण्याचा दोष भांडणावर जातो आणि खरा आजार तसाच राहतो.

निम्मे काम खरेदीच्या वेळीच होते. दोन्ही मासे लहान असावेत आणि त्यांच्या आकारात डोळ्यांना दिसेल इतका फरक असावा. पूर्ण वाढलेले दोन मासे एकत्र आणू नयेत. नराची मादी होते, मादीचा पुन्हा नर होत नाही. त्या दोन माद्या निघाल्या, तर एकीचा जीव जाईपर्यंत लढाई संपत नाही. जोडी जमल्यावर तिसरा क्लाउनफिश तर नकोच. ओकिनावातील संशोधकांनी 2024 मध्ये दाखवले, की हे मासे स्वतःसारखे तीन पांढरे पट्टे असलेल्या पाहुण्यावर सर्वाधिक तुटून पडतात. हौसेने आणलेला जुळा पाहुणा हाच पहिला शत्रू ठरतो. पकडलेल्यापेक्षा संवर्धन केंद्रात वाढवलेली पिल्ले घ्यावीत. भारतात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने या माशांच्या पैदाशीचे तंत्र केव्हाच विकसित केले आहे. प्रवाळांतून ओरबाडून आणण्याची गरज नाही.

एक इशारा मात्र दिलाच पाहिजे. टाकीसमोर बसलेली मंडळी सहज म्हणून जातात, 'बघा, संसारात भांड्याला भांडे लागायचेच.' माशांचा दाखला माणसांना लावू नये. या माशांत दरारा मादीचा असतो की नराचा, हा मुद्दाच नाही. त्यांना बोलता येत नाही, घर सोडता येत नाही, दाद मागता येत नाही, म्हणून त्यांचा क्रम दातांनी ठरतो. माणसाच्या घरात अंगावर उठलेला वळ कोणत्याही जोडीची सुरुवात नसतो. तो इजा असतो आणि इजेला इजाच म्हणायचे असते. माशाच्या बाबतीत पंखाकडे पाहून जो निर्णय आपण घेतो, तो शेजारच्या घरात ऐकू येणाऱ्या आवाजाबाबत घ्यायला मात्र आपण कचरतो, हे जास्त गंभीर आहे.

टाकीपुरते सांगायचे तर सूत्र साधे आहे. भांडण ऐकून नव्हे, जखम पाहून निर्णय घ्यावा. जखम नसेल तर दिवे मंद करावेत, खडकांत लपायला दोन-तीन जागा कराव्यात, दोघांनाही पोटभर खायला घालावे आणि थांबावे. उरलेले काम मासे स्वतःच करतात.