परदेशातील ओळखपत्र आणि घरची माणसे



कुवेतमध्ये शुक्रवार हा सुट्टीचा वार असल्याने तिकडे असलेल्या मुलांचे फोन बहुधा त्याच दिवशी गावी येतात. घरातील वडीलधारी माणसे त्यांस काय विचारतात? "बाळा, जेवलास का? मिस्साला गेला होतास ना? पगार झाला का?" हे तीन प्रश्न ठरलेले असतात. चौथा प्रश्न मात्र फारच थोड्या घरांतून विचारला जातो, आणि तो असा : "तुझ्या ओळखपत्राची मुदत कधी संपते?" आज या चौथ्या प्रश्नाचा विचार करण्याचे योजिले आहे, कारण तो न विचारल्यामुळे पुढे जे रडणे पदरी येते, ते एकट्या मुलाचे नसते, साऱ्या घराचे असते.

लोंढ्याच्या परिसरातील लोकांस कागदपत्रांचे महत्त्व परक्याने येऊन सांगावयास नको. लोंढ्याहून तिनईघाट ओलांडून गाडी कॅसलरॉकला पोहोचली की १९६१ पूर्वी भारताची हद्द संपत असे. कॅसलरॉक येथे आपल्या सरकारचे जकात नाके होते आणि घाट उतरून कुळे गाठले की पोर्तुगिजांचे. मामा घाटाखाली आणि भाचा घाटावर, अशी कितीतरी कुटुंबे या दोन नाक्यांच्या दोन बाजूंस विभागलेली होती. १९५५ च्या सत्याग्रहानंतर तर ही वाहतूकच बंद पडली आणि जवळच्या माणसाच्या मर्तिकास जाणेही दुरापास्त झाले. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि ती हद्द पुसली गेली. आज लोंढ्याहून वास्कोस जाणाऱ्यास पासपोर्ट लागत नाही. परंतु जी हद्द आपल्या दारातून गेली, ती आपल्या मुलांच्या पाठीमागे समुद्रापलीकडे उभी आहे, आणि तेथे तिचे दार एका लहानशा पत्त्याने उघडते.

आखाती देशांत पूर्वी वास्तव्याचा परवाना पासपोर्टावर चिकटविला जात असे. कुवेतने २०१९ पासून ही पद्धत बंद केली आणि संयुक्त अरब अमिरातीने २०२२ मध्ये. त्यामुळे कुवेतचे 'सिव्हिल आयडी' किंवा अमिरातीचे 'एमिरेट्स आयडी' हाच आता तेथील वास्तव्याचा पुरावा होय. सौदी अरेबियातील 'इकामा' हाही त्याच जातीचा. हे पत्र केवळ पोलिसास दाखविण्यापुरते नसते. बँकेचे खाते, घराचे भाडे, दवाखाना, मुलांची शाळा, टेलिफोनचा नंबर, इतकेच नव्हे तर सुट्टीवर मायदेशी येणे, हे सारे त्यावर अवलंबून असते. पत्राची मुदत संपली की माणूस आहे तेथेच असतो, परंतु कायद्याच्या दृष्टीने तो नाहीसा होतो.

दंडाचे नियमही कडक आहेत. अमिरातीत मुदत संपल्यावर तीस दिवसांची सवलत मिळते. त्यानंतर दर दिवशी २० दिरहम, अशा हिशेबाने १,००० दिरहमपर्यंत दंड चढतो. सौदीत इकाम्यास उशीर झाल्यास पहिल्या खेपेस ५०० रियाल, दुसऱ्या खेपेस १,००० रियाल आणि तिसऱ्या खेपेस हद्दपारी, असा क्रम आहे. तथापि वाचकांनी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. सौदीच्या कामगार कायद्याच्या ४० व्या कलमाप्रमाणे इकामा काढण्याचा, त्याचे नूतनीकरण करण्याचा आणि त्यास लागलेल्या विलंबाच्या दंडाचा खर्च मालकाने सोसावयाचा असतो. पुष्कळ साधी मुले हा खर्च आपल्याच पगारातून मुकाट्याने भरतात, कारण तो कोणाचा हे त्यांस कोणी सांगितलेलेच नसते.

येथेच खरी अडचण उद्भवते. नूतनीकरण कामगाराच्या हाती नसून बहुतेक ठिकाणी मालकाच्या हाती असते. मालक चांगला असला तर चिंता नाही. परंतु कंपनी बुडाली, मालक परागंदा झाला, किंवा त्याने जाणूनबुजून टाळाटाळ केली, तर निरपराध माणूस बेकायदा ठरतो. भीतीमुळे तो बाहेर पडत नाही, आजारी पडला तरी दवाखान्यात जात नाही, आणि घरी मात्र "सारे ठीक आहे" असे सांगत राहतो. दोन-दोन वर्षे सुट्टीवर न येणाऱ्या मुलास गावात कोणी निष्ठुर म्हणतात, कोणी म्हणतात तो घर विसरला. असा निवाडा देण्यापूर्वी त्याच्या कागदांची चौकशी करावी. पुष्कळदा तो विसरलेला नसतो, अडकलेला असतो.

अशा वेळी काय करावे? प्रथम, लपून राहू नये. आपल्या वकिलातीकडे जावे. परदेशातील संकटग्रस्त भारतीयांसाठी २००९ पासून 'भारतीय समुदाय कल्याण निधी' आहे; त्यातून कायद्याचे साहाय्य, परतीचे तिकीट आणि प्रसंगी दंडाची रक्कमही दिली जाते. घरच्या माणसांस येथूनच तक्रार नोंदविता यावी म्हणून सरकारने २०१५ मध्ये 'मदद' नावाची व्यवस्था सुरू केली आहे. दुसरे असे, की त्या देशांची सरकारे अधूनमधून माफीची मुदत जाहीर करतात. कुवेतने २०२४ मध्ये अशी सवलत दिली होती, आणि अमिरातीने १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२४ या काळात. दंडाशिवाय मायदेशी परतण्याची किंवा कागद नियमित करून घेण्याची ती संधी असते. ही वार्ता लपून बसलेल्या माणसापर्यंत कित्येकदा गावाकडूनच पोहोचते. म्हणून ती घरच्यांनीही कानाआड करू नये.

पासपोर्टाविषयी दोन शब्द. १९६७ च्या पासपोर्ट कायद्याप्रमाणे पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे. ती मालकाने आपल्या कपाटात कुलूपबंद करून ठेवावयाची वस्तू नव्हे. शिवाय पासपोर्टाची मुदत संपत आली असेल तर तेथील ओळखपत्राचेही नूतनीकरण अडते. यास्तव दोन्ही तारखा शेजारी शेजारी लिहून ठेवाव्यात आणि पासपोर्ट आधी नवा करावा. सुट्टीवर आलेल्या मुलाने लग्नसमारंभ आणि पाहुणचार यांतून एक दिवस याही कामास द्यावा.

बाळांच्या बाबतीत तर अधिक दक्षता हवी. परदेशात भारतीय आईबापांच्या पोटी जन्मलेल्या बाळाची नोंद जन्मापासून एक वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत झाली पाहिजे. ३ डिसेंबर २००४ नंतर जन्मलेल्यांस हा नियम लागू आहे. ती नोंद वेळेवर झाली नाही तर बाळाच्या भारतीय नागरिकत्वाचाच प्रश्न निर्माण होतो. सून बाळंत झाल्याचे पेढे गावात वाटले जातात. त्याच दिवशी आजोबांनी ही आठवणही द्यावी.

आता दुसऱ्या एका वाटेविषयी. मूळचे गोव्याचे असलेले अनेक जण, १९६१ पूर्वी पोर्तुगीज अमलाखाली जन्मलेल्या आपल्या आईबापांच्या अथवा आजीआजोबांच्या आधारे, पोर्तुगालचे नागरिक होतात, आणि ब्रिटन युरोपीय संघात असेपर्यंत ते तेथून इंग्लंडात जाऊन राहत असत. इंग्लंडातील स्विंडन शहरी अशा गोवेकरांची मोठी वस्ती आहे. पोर्तुगालच्या नागरिकास 'कार्ताव द सिदादाव' नावाचे ओळखपत्र मिळते. ते २००७ मध्ये आले आणि त्याने जुन्या ओळखपत्राची जागा घेतली. त्याचीही मुदत ठरलेली असते. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर तेथे आधीपासून राहणाऱ्यांस वास्तव्याच्या हक्कासाठी ३० जून २०२१ पर्यंत अर्ज करावयाचा होता. तो हक्क आता कागदावर नसून सरकारच्या संगणकातील खात्यावर नोंदलेला असतो. म्हणून पोर्तुगालचे ओळखपत्र किंवा पासपोर्ट नवा झाला की त्याचा नवा क्रमांक त्या खात्यात भरणे अगत्याचे आहे. ते राहून गेले तर विमानतळावर हक्क असूनही तो सिद्ध करता येत नाही.

ही वाट धरणाऱ्यांनी एक गोष्ट स्पष्ट समजून घ्यावी. भारताच्या कायद्यात दुहेरी नागरिकत्व नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या ९ व्या कलमाप्रमाणे परदेशाचे नागरिकत्व स्वेच्छेने स्वीकारले की भारतीय नागरिकत्व संपते. त्यानंतर भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो, आणि निवडणुकीत मत देण्याचा अधिकारही राहत नाही. "कोणास कळते आहे?" असे म्हणून दोन्हीकडचे कागद खिशात बाळगणारे काही जण आहेत. आठवी आज्ञा केवळ जिभेने बोललेल्या खोट्यास लागू आहे असे कोणी समजू नये. सहीने बोललेले खोटेही खोटेच होय. शिवाय त्याचा भार अखेरीस मुलांवर पडतो.

अशा माणसासाठी सरळ मार्ग उपलब्ध आहे. 'ओसीआय' या नावाने ओळखले जाणारे पत्र त्यास मिळू शकते आणि त्यावर तो आपल्या घरी केव्हाही येऊ शकतो. शेतजमीन त्यास विकत घेता येत नाही, तथापि वारसाने आलेली शेतजमीन त्याच्याकडे राहू शकते. या पत्राचे नियम २०२१ मध्ये सोपे झाले. वीस वर्षे पूर्ण झाल्यावर नवा पासपोर्ट निघाला की एकदा नवे पत्र घ्यावयाचे. त्या वयापर्यंत दर नव्या पासपोर्टाच्या वेळी, आणि पन्नाशीनंतर एकदा, पासपोर्टाची प्रत व छायाचित्र तीन महिन्यांच्या आत संगणकावर पाठवावयाचे. नातवंडांचे चेहरे वाढत्या वयात बदलतात, म्हणून हा नियम आहे.

आपल्या सीमाभागातील घरांची आणखी एक खास अडचण आहे. येथे घरात कोंकणी, बाजारात मराठी आणि सरकारी कचेरीत कन्नड चालते. त्यावर इंग्रजीचा थर. एकच माणूस धर्मग्रामाच्या पुस्तकात फ्रान्सिस्को, शाळेच्या दाखल्यात फ्रान्सिस आणि शिधापत्रिकेत फरासू असतो. आजी एके ठिकाणी मारिया, दुसरीकडे मेरी. आडनावातील शेवटचे एक अक्षर आज्याच्या कागदावर वेगळे आणि नातवाच्या कागदावर वेगळे. गावात यामुळे काहीच बिघडत नाही, कारण आपणांस सारे ओळखतात. परंतु परदेशी कचेरीतील कारकून आपणांस ओळखत नाही. तो फक्त अक्षरे ओळखतो. एका अक्षरापायी नूतनीकरण महिनोन् महिने रखडते आणि दलालाची चैन होते. म्हणून मूल लहान असतानाच सर्व कागदांवर एकच नाव, एकच अक्षररचना आणि एकच जन्मतारीख असावी.

याच संदर्भात स्नानसंस्काराच्या दाखल्याविषयी लिहिणे भाग आहे. धर्मग्रामाच्या नोंदवह्या फार जुन्या आणि विश्वसनीय असतात. विवाहाच्या नोंदी ठेवण्याचा नियम त्रेंतच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्येच घालून दिला. जुन्या पिढीस या वह्यांचा मोठा आधार झाला आहे. परंतु १ ऑक्टोबर २०२३ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या पासपोर्टासाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून सरकारी जन्मदाखलाच लागतो. बाळाचा स्नानसंस्कार थाटाने करावा, आणि जन्माची सरकारी नोंदही एकवीस दिवसांच्या आत करावी. एकाने दुसऱ्याची उणीव भरून निघत नाही.

कोणी म्हणेल, धर्माच्या पत्रात हा सरकारी कागदांचा पसारा कशास? त्यास उत्तर असे, की आपला प्रभू जन्मला तोच नावनोंदणीच्या वेळी. कैसराच्या हुकुमाप्रमाणे संत योसेफ आपल्या गरोदर पत्नीस घेऊन बेथलेहेमास गेला, आणि पुढे थोड्याच काळात त्या तिघांस इजिप्त देशी परके म्हणून राहावे लागले. पोप बारावे पायस यांनी १ ऑगस्ट १९५२ रोजी स्थलांतरितांविषयी जे पत्रक काढले, त्यात याच पवित्र कुटुंबास सर्व परदेशस्थ कुटुंबांचा आदर्श म्हटले आहे. संत पौलानेही फटके बसण्याच्या वेळी आपले रोमी नागरिकत्व सांगावयास संकोच केला नाही. त्याच पौलाने आपले खरे नागरिकत्व स्वर्गातील आहे असे शिकविले; तरी पृथ्वीवरील कागद त्याने तुच्छ लेखला नाही.

तेव्हा वाचकहो, एक साधी गोष्ट करावी. घरातील भिंतीवर जी दिनदर्शिका टांगलेली असते, जिच्यावर सण, उपवास आणि म्हशीस गाभण गेल्याची तारीखही लिहिली जाते, तिच्यावरच परदेशातील मुलाच्या पासपोर्टाची व ओळखपत्राची शेवटची तारीख लिहावी. आणि त्याच्या तीन महिने आधीच्या पानावर एक खूण करावी. त्या कागदांच्या प्रती येथे घरी ठेवाव्यात. त्या खुणेच्या आठवड्यात फोन आला की रोझरीची चौकशी झाल्यावर लगेच कागदाचीही चौकशी करावी. आणि मुलगा उत्तर देताना अडखळला, विषय बदलू लागला, तर रागावू नये. "काय अडचण आहे ती सांग, आपण मिळून पाहू," एवढेच म्हणावे. परक्या मुलुखात घाबरलेल्या माणसास पहिला धीर तेवढ्या एका वाक्याने येतो, आणि ते वाक्य आईबापांखेरीज दुसऱ्या कोणास तितके चांगले बोलता येत नाही.