एकच प्रोग्राम, दोन दारं



परभणी जिल्ह्यातल्या आमच्या शाळेसाठी मी निकालाचा एक छोटा पायथॉन प्रोग्राम केला होता. कमांड दिली की स्क्रीनवर गुणांचा तक्ता यायचा. एका सहकारी सरांनी त्या तक्त्यावरूनच प्रगतिपत्रक भरणारा दुसरा प्रोग्राम लिहिला. चौथा रकाना गणिताचा, असं तो धरून चालायचा. पुढे तक्ता नीट दिसावा म्हणून मी रकान्यांचा क्रम बदलला. कुठंही चूक दाखवली गेली नाही, पण मराठीचे गुण गणितात जाऊन बसले. एका लेकराची आई पेपर घेऊन आली आणि म्हणाली, "सर, पेपरवर एक अन् कार्डावर दुसरंच कसं?" तेव्हा कुठं आमच्या लक्षात आलं.

चूक सरांची नव्हती, माझी होती. माणसासाठी मी दार ठेवलं होतं, पण दुसऱ्या प्रोग्रामसाठी दारच नव्हतं. मग तो खिडकीतूनच आत येणार ना!

कमांड माणसासाठी असते. तिचं उत्तर वाचायला सोपं हवं, आणि ते वेळोवेळी सुधारलं तरी चालतं. लायब्ररीचा एपीआय म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामला दिलेला शब्द: या नावाचं फंक्शन, ही माहिती द्या, असं उत्तर मिळेल. हा शब्द सहजासहजी मोडायचा नसतो.

कर्लचं उदाहरण घ्या. स्वीडनच्या डॅनियल स्टेनबर्ग यांनी ही कमांड १९९८ मध्ये आणली. २००० मध्ये लिबकर्ल ही लायब्ररी आली. आज कर्ल ही कमांड स्वतःच लिबकर्ल वापरते. म्हणजे खरं काम एकाच ठिकाणी, दारं दोन. आणि २००६ पासून आजपर्यंत, लिबकर्लवर उभे असलेले जुने प्रोग्राम मोडतील असा बदल त्यांनी केलेला नाही. छापील पानावरचा मजकूर ओळखणारं टेसरॅक्टही कमांड आणि लायब्ररी अशा दोन्ही रूपांत मिळतं. त्याला मराठीही वाचता येते.

काही जण म्हणतील, "शाळेच्या छोट्या कामाला एवढा व्याप कशाला?" पण काम दुप्पट होत नाही. बेरीज, टक्केवारी, श्रेणी हे सगळं फंक्शनमध्ये ठेवायचं. फंक्शनने स्क्रीनवर काही छापायचं नाही, फक्त उत्तर परत द्यायचं. छापायचं काम कमांडचं. शब्दही मोजक्याच फंक्शनांचा द्यायचा, कारण जेवढा शब्द द्याल तेवढा पाळावा लागतो.

"मग सुधारणा थांबतील" हा आक्षेपही मला पटत नाही. नवं फंक्शन जोडा, जुनं काही काळ चालू ठेवा, आधी सांगा आणि मगच काढा. काढताना आवृत्तीचा पहिला आकडा वाढवा, म्हणजे वापरणारा सावध होतो.

माझं मत स्पष्ट आहे. लेकरांच्या प्रकल्पाला गुण देताना "चालतो का?" एवढंच विचारू नका. "दुसऱ्याने यावर काही उभं केलं तर उद्याही ते टिकेल का?" हेही विचारा. पालकांनीही घरी हा प्रश्न विचारायला हरकत नाही.

आमचा प्रोग्राम आता दोन दारांचा आहे. त्या लेकराचं प्रगतिपत्रक आम्ही दुरुस्त करून दिलं. पण त्याची आई आली नसती तर?