जंतूंचे कूळ शोधायलाच हवे

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, असे आपल्याकडे म्हणतात. दुधातील जंतूंना मात्र ही सवलत देता येणार नाही. सगळेच जंतू वैरी नसतात, हे खरे. शेजारणीकडून मागून आणलेल्या विरजणावरच आमच्या घरोघरी दही लागत आले आहे. परंतु दुधाच्या त्याच वाटेवर लिस्टेरियासारखा घातकीही दबा धरून बसतो. गर्भवती, नवजात अर्भके, वृद्ध आणि आधीच व्याधीने खंगलेले रुग्ण हे त्याचे भक्ष्य. पाश्चरीकरणाच्या उष्णतेने तो मरतो. पण कारखान्यातील गटारात, जमिनीच्या भेगांत, यंत्रांच्या सांध्यांत चिवट थर करून तो वर्षानुवर्षे राहतो आणि शुद्ध झालेल्या मालात पुन्हा शिरतो. शीतकपाटाची थंडी इतर बहुतेक जंतूंना आवरते. हा त्या थंडीतही वाढतो.

अशा शत्रूचा माग काढण्याचे साधन आता शास्त्राच्या हाती आहे. लिस्टेरियाच्या जनुकसंचयात सुमारे २९ लाख अक्षरे असतात. पिढ्यान्‌पिढ्या नक्कल होताना त्यांत क्वचित एखादी चूक होते आणि ती पुढे वारशाने चालत राहते. दोन जंतूंत अशा मोजक्याच चुकांचा फरक आढळला, तर त्यांचा पूर्वज एकच व अलीकडचाच, असे अनुमान काढता येते.

अमेरिकेत २०१५ साली उघडकीस आलेले आइस्क्रीम प्रकरण डोळ्यांत अंजन घालणारे आहे. साउथ कॅरोलायना राज्याने नित्याच्या तपासणीसाठी उचललेल्या नमुन्यांत लिस्टेरिया सापडला. रुग्णांतील जंतूंच्या जपून ठेवलेल्या ठशांशी ताडून पाहता तपास कॅन्ससमधील एका रुग्णालयापर्यंत पोचला. अन्य व्याधींसाठी तेथे दाखल झालेल्या ५ रुग्णांना हा संसर्ग झाला होता. त्यांतील ३ दगावले होते. जुने ठसे धुंडाळता २०१० पर्यंतचे रुग्ण मिळाले आणि चार राज्यांत मिळून ही संख्या १० झाली. ब्ल्यू बेल कंपनीला सारा माल परत घ्यावा लागला. दूषित माल वितरित केल्याचा गुन्हा तिने २०२० साली न्यायालयात कबूल केला. पाच वर्षे विखुरलेल्या दुःखांची एक साखळी जुळली, ती केवळ कोणीतरी ते जंतू फेकून न देता जपले म्हणून!

गोमंतकाने यातून काय घ्यावे? आमच्या दुधाचा मोठा भाग कर्नाटक आणि महाराष्ट्रातून येतो. अनेक गोठ्यांचे दूध एका टाकीत मिसळते आणि पिशवीत बंद होऊन आमच्या दारी येते. अशा वेळी कोणी आजारी पडले, तर पहिला संशय दारच्या गरीब गवळ्यावर घेतला जातो. कदाचित दोष त्याचा असेल, कदाचित चकचकीत कारखान्यातील न धुतलेल्या नळाचा असेल. पुराव्याविना निवाडा हा अन्यायच होय. जंतूंची वंशावळ दोषीकडे बोट दाखवते, तशी निर्दोषालाही सोडवते. अर्थात केवळ ठसे जुळले म्हणजे निकाल लागला, असेही नव्हे. रुग्णाने काय खाल्ले, माल कोठून कोठे गेला, याच्या नोंदी नसतील, तर नुसते जनुकशास्त्र मुकेच राहील.

जुन्या गोव्यात एला येथील कृषी संशोधन संस्थेत लिस्टेरियावर अभ्यास झालेला आहे. म्हणजे विद्येची वाण नाही; हवी आहे ती व्यवस्था. रुग्णालयांनी रुग्णांतील जंतू जपावेत, डेअऱ्यांनी दुधाबरोबर गटारे, नळ आणि जमीनही तपासावी आणि सरकारने दोहोंची सांगड घालावी. जंतू सापडल्याचे प्रामाणिकपणे सांगणाऱ्या डेअरीला शिक्षा आणि न तपासणारीला अभय, असा उफराटा न्याय मात्र होता कामा नये.

तान्ह्या बाळाच्या ओठी लागणाऱ्या दुधाचा हिशेब मागणे हा नागरिकांचा हक्क आहे. तो देणे हे राज्यकर्त्यांचे उपकार नव्हेत, कर्तव्य आहे.