ऑन एअर, पण कुणासाठी?

1938 सालचं न्यूयॉर्क. वीजी नावाचा प्रेस फोटोग्राफर गाडीत पोलिसांची बोलणी पकडणारा रेडिओ बसवतो आणि खून-आगीच्या जागी कधीकधी पोलिसांच्याही आधी हजर! पुढे अमेरिकेत स्कॅनर ऐकणं हे रिपोर्टर्सचं काम आणि हौशी मंडळींचा छंद झाला. पण 2023 पासून न्यूयॉर्क पोलिसांनी एकेक चॅनल एन्क्रिप्ट करायला घेतलं. का? तर गुन्हेगार ऐकतात, जखमींची माहिती गावभर होते. मुद्दा रास्त आहे. शिकागोने 2022 मध्ये मधला मार्ग काढला: ऐका, पण 30 मिनिटं उशिरा. पण बॉस, गोळीबार आपल्या गल्लीत चालू असेल तर अर्ध्या तासाने कळून काय उपयोग? जखमींची माहिती झाका की खुशाल, पोलिसांचं काम कशाला झाकायचं?