जबडा आणि जमाखर्च

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार तालुक्यात, मेहकर-जालना मार्गावर वसलेल्या बीबीसारख्या गावात जबड्यातील गाठ प्रथम दातदुखी म्हणूनच ओळखली जाण्याचा संभव अधिक. दात उपटला जातो, जखम भरत नाही, आणि सोयाबीनची सोंगणी आटोपेपर्यंत पुढील तपासणी लांबणीवर पडते. या गाठी सर्वच कर्करोगाच्या नसतात. तंबाखू-सुपारीतून उद्भवणारा कर्करोग गालाहिरड्यांतून हाडात उतरतो. ‘अमेलोब्लास्टोमा’ मात्र दात घडविणाऱ्या पेशींतून जबड्यातच उपजतो आणि बहुधा न दुखता सावकाश वाढतो. तो नुसता खरवडून काढला, तर पुष्कळदा परत येतो. म्हणून अशा गाठींत भोवतालच्या निरोगी हाडासह जबड्याचा भाग कापणे बहुधा अटळ ठरते.

खरा प्रश्न त्यानंतरचा आहे. हनुवटीचे हाड गेले की जिभेचा आधार सुटतो, लाळ ओघळते, भाकरी चावत नाही, उच्चार अस्पष्ट होतात. न्यूयॉर्कचे शल्यविशारद डेव्हिड हिडाल्गो यांनी १९८९ मध्ये नडगीशेजारच्या बारीक हाडापासून जबडा घडविण्याची पद्धती प्रसिद्ध केली. शरीराचा भार मुख्यतः नडगीच पेलते. त्यामुळे हे हाड दिल्याने मनुष्य सहसा पांगळा होत नाही. त्याचे तुकडे कमानीसारखे जुळवून टायटॅनियमच्या पट्टीने बसवितात आणि त्याच्या रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली मानेतील रक्तवाहिन्यांना शिवतात. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात अशा शस्त्रक्रिया होतात.

या पुनर्रचनेस सौंदर्याचा सोस मानणे हा अर्थशास्त्रीय अडाणीपणा होय. बाजारात भाव पुकारणाऱ्याचे वा वर्गात शिकविणाऱ्याचे भांडवल त्याचा जबडाच असतो. गाठ काढून त्याला मुका सोडणे म्हणजे रोग बरा करून उत्पन्न बुडविणे.

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचे संरक्षण दर कुटुंबास वर्षाला दीड लाखावरून ५ लाख रुपयांपर्यंत नेण्याचा निर्णय राज्याने २०२३ मध्ये घेतला, हे स्वागतार्हच. परंतु सोबत राहणाऱ्या माणसाचे बुडालेले रोज त्या हिशेबात येत नाहीत, आणि मजुराच्या घरी नेमका तोच खर्च शस्त्रक्रिया पुढे ढकलतो. दरम्यान गाठ वाढते, कापावयाचे हाडही वाढते. २०१२ च्या बंदीनंतरही गुटखा छुपेपणाने विकला जातच आहे, तो भाग वेगळा. सोबत्याच्या रोजाइतका भत्ता आणि ग्रामीण रुग्णालयात संपूर्ण जबड्याचे क्ष-किरण छायाचित्र, एवढी तरतूद तरी पुढील अर्थसंकल्पात व्हावयास हवी.