पेशीच्या पाठात ‘कशावरून?’ हा प्रश्न हवाच



पेशीचा पाठ आपण कसा शिकवतो? फळ्यावर आकृती काढतो, बाण काढतो, नावं लिहितो. केंद्रक, तंतुकणिका, आंतर्द्रव्यजालिका, गॉल्गी संकुल, लयकारिका. मुलं नावं पाठ करतात, परीक्षेत आकृती काढतात, गुणही मिळतात. पण ‘लयकारिकेत पचन करणारी विकरे असतात’ असं लिहिणाऱ्या मुलाला ‘हे कशावरून कळलं?’ असं विचारून बघा. बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘पुस्तकात आहे.’ माझं स्पष्ट मत आहे की, या उत्तरावर आपण पाठ संपवू नये. निदान एका तरी गोष्टीबाबत ती कशी समजली, हे मुलांना सांगायला हवं. त्यासाठी प्रतिपिंडाचं, म्हणजे अँटीबॉडीचं उदाहरण मला फार उपयोगाचं वाटतं.

आधी पेशीतलं टपाल समजून घेऊ. एका पेशीत हजारो प्रकारची प्रथिने तयार होतात आणि प्रत्येकाला आपल्या ठरलेल्या जागी जायचं असतं. कोणी केंद्रकात, कोणी तंतुकणिकेत, कोणी लयकारिकेत, तर कोणी थेट पेशीबाहेर. जायचं कुठे, याची खूण प्रथिनातच असते, हे गुंटर ब्लोबेल यांनी दाखवलं. त्यासाठी त्यांना १९९९ साली नोबेल पारितोषिक मिळालं. मुलांना सांगताना पिन कोडचं उदाहरण घ्यावं. आपला सहा अंकी पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाला. तो आणण्याचं श्रेय टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांना जातं. आपल्या मराठी माणसाचं हे काम मुलांना यानिमित्ताने कळेल, तेही चांगलंच.

पत्ता चुकला तर काय होतं? लयकारिकेत जाणाऱ्या अनेक विकरांवर गॉल्गी संकुलात एक रासायनिक खूण लावली जाते. ‘आय-सेल’ नावाच्या दुर्मीळ आनुवंशिक आजारात ही खूण लागतच नाही. विकरे तयार होतात, पण लयकारिकेत न जाता पेशीबाहेर फेकली जातात. मग पेशीतला कचरा पचत नाही, तो साठत जातो आणि बाळाची वाढ खुंटते. म्हणजे कारखाना चालू, माल तयार, फक्त पत्ता नाही. एवढ्यावरून लहान जिवावर केवढं संकट येतं!

आता मूळ प्रश्न. अमुक प्रथिन अमुक जागी आहे, हे दिसतं कसं? साध्या सूक्ष्मदर्शकातून एकेक प्रथिन ओळखू येत नाही. इथे अँटीबॉडी कामाला येते. कोरोनाच्या काळात हा शब्द घराघरात पोहोचला, पण ‘शरीराचे सैनिक’ एवढाच अर्थ आपल्या लक्षात राहिला. अँटीबॉडीचा खरा गुण म्हणजे ती ठरावीक आकाराच्या तुकड्यालाच घट्ट चिकटते, जशी किल्ली आपल्याच कुलपाला लागते. शास्त्रज्ञ हव्या त्या प्रथिनाविरुद्ध सशात किंवा उंदरात अँटीबॉडी तयार करून घेतात. एकाच प्रकारची अँटीबॉडी हवी तितकी बनवण्याची पद्धत क्योलर आणि मिलस्टाइन यांनी १९७५ साली शोधली. १९८४ च्या नोबेलमध्ये तेही मानकरी होते.

लयकारिकेच्या आवरणावर ‘लॅम्प-१’ नावाचं प्रथिन असतं. त्याला चिकटणाऱ्या अँटीबॉडीला लाल चमकणारा रंग जोडला, की लयकारिका लाल ठिपक्यांसारख्या दिसतात. ज्या प्रथिनाचा शोध घ्यायचा, त्याच्या अँटीबॉडीला हिरवा रंग द्यायचा. दोन्ही चित्रं एकावर एक ठेवली आणि ठिपके पिवळे दिसले, तर दोघं एकाच जागी आहेत असं समजतं. ठिपके वेगवेगळेच राहिले, तर ते प्रथिन दुसरीकडे आहे.

पण पाठ इथेही संपत नाही. अँटीबॉडी कधीकधी भलत्याच प्रथिनाला चिकटते. म्हणून शास्त्रज्ञ ते प्रथिन मुळातच नसलेली पेशी घेतात आणि तीच अँटीबॉडी लावून बघतात. तिथेही ठिपके चमकले, तर अँटीबॉडीवर विश्वास ठेवता येत नाही. आपल्याच साधनावर शंका घेण्याची ही सवय मला सगळ्यात महत्त्वाची वाटते.

वर्गात हे खेळातून घेता येईल. वर्गाचे चार कोपरे म्हणजे चार अंगके. चिठ्ठ्यांच्या कडा चार वेगवेगळ्या आकारांत कापा आणि मुलांकडून त्या कोपऱ्यांत वाटून घ्या. एका मुलीला एकाच कडेत बसणारा पुठ्ठ्याचा तुकडा द्या. ही आपली अँटीबॉडी. जिथे तुकडा नीट बसेल, त्या चिठ्ठीवर ती टिकली लावेल. दुसऱ्या फेरीत त्या आकाराच्या सगळ्या चिठ्ठ्या काढून घ्या. तरीही टिकल्या लागल्या तर काय समजायचं, हे मुलांनाच विचारा.

‘अभ्यासक्रम पुरा होत नाही, त्यात हे कुठे बसवायचं?’ असं काही जण म्हणतील. अडचण खरी आहे. पण अँटीबॉडीची व्याख्या पाठ करून घ्यायचीच नाहीये. एक तासिका पुरते. आणि कारण समजलं, की नावंही जास्त टिकतात.

पालकांनाही एक विनंती. मूल घरी ‘कशावरून?’ असं विचारतं तेव्हा त्याला उलट उत्तर समजू नका. उत्तर माहीत नसेल तर ‘चल, शोधू या’ म्हणा. आज व्हॉट्सॲपवर येणारं सगळंच खरं मानणाऱ्या मोठ्यांची कमी नाही. आपल्या मुलांनी तसं होऊ नये, असं वाटत असेल तर हा प्रश्न त्यांच्या तोंडी राहू द्या.

खेळ आपल्या वर्गात घेऊन बघा. मुलांनी काय काय विचारलं, ते जरूर कळवा.