डॉक्टर आले म्हणजे दवाखाना झाला का?

प्राथमिक आरोग्य केंद्राचा विषय निघाला की चर्चा एकाच ठिकाणी येऊन अडते: डॉक्टर नाहीत. मोर्चे त्यासाठी निघतात, केंद्राला टाळं त्यासाठी ठोकलं जातं. रिक्त पदं भरलीच पाहिजेत, यात वाद नाही. वाद आहे तो डॉक्टर हजर झाले म्हणजे रुग्णाची सोय झाली, या समजुतीशी.

बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणारी, रक्तदाब वाढलेली पन्नाशीची बाई घ्या. केंद्रात डॉक्टर आहेत, गोळ्याही आहेत. मिळतात पंधरा दिवसांच्या. दिवाळीच्या सुमारास टोळी कारखान्यावर गेली की परतते ती उन्हाळा लागल्यावर. तिथे पहाटे फडात उतरायचं, रात्री-बेरात्री गाडी आली की मोळ्या वाहायच्या. खाडा केला तर मुकादम पैसे कापणार. गोळ्यांसाठी दिवस मोडायचा कुणी? मग पुढच्या भेटीत केसपेपरवर शेरा पडतो, 'औषधे नियमित घेत नाही.' खापर तिच्या माथी. ती कारखान्यावर जाणार हे गावातल्या आशाताईला, म्हणजे गावच्या आरोग्य कार्यकर्तीला, दसऱ्यापासूनच ठाऊक होतं. पण औषधाच्या खिडकीपाशी आशाताईला कोण विचारतं?

केंद्रात माणसं कमी असतात हे खरं, पण एकटे डॉक्टर कधीच नसतात. सिस्टर आहेत, आरोग्य सेवक, औषध निर्माते, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, गटप्रवर्तक आणि गावोगावच्या आशा आहेत. प्रत्येकाचं रजिस्टर वेगळं, प्रत्येकाचा अहवाल वेगळा. माहिती तालुक्याला जाते, जिल्ह्याला जाते. शेजारच्या टेबलावर मात्र जात नाही. या सगळ्यांना एका छताखाली बसवलं म्हणून त्यांचा संघ होत नाही.

सगळ्यांनी मिळून, रुग्णाला विचारून उपचार ठरवावेत म्हटलं की पहिला आक्षेप येतो: 'अडाणी रुग्णाला काय विचारायचं? तो सलाईनच मागणार.' मागेल. पण का मागतो? उद्या कामावर उभं राहायचंय म्हणून. ही त्याच्या आजाराइतकीच महत्त्वाची माहिती आहे आणि ती विचारल्याशिवाय कळत नाही. मागेल ते देणं म्हणजे रुग्णकेंद्री सेवा, असं कुणीच म्हणत नाही. त्याचं जगणं समजून घेऊन त्याला झेपेल असा उपचार त्याच्याशी बोलून ठरवायचा, एवढीच मागणी आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: कमी शिकलेल्यांच्या हाती उपचार देणं म्हणजे जिवाशी खेळ. त्याला महाराष्ट्रानेच उत्तर देऊन ठेवलंय. रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने १९७० साली जामखेडला काम सुरू केलं आणि गावातल्याच बायकांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून घडवलं. त्यातल्या कित्येकींना अक्षरओळखही नव्हती. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या स्त्रियांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं; जंतुसंसर्ग ओळखून प्रतिजैविकाचं इंजेक्शन देण्यापर्यंत. तिथल्या नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचा अभ्यास १९९९ मध्ये 'लॅन्सेट'ने छापला. या बायकांना वाऱ्यावर सोडलं नव्हतं, हे मात्र विसरू नये. पाठीशी सततचं प्रशिक्षण होतं, देखरेख होती. दोन्हीकडे डॉक्टर होतेच, आणि या बायकांचं ऐकून घेणारे होते.

मला खरा वाटतो तो तिसरा आक्षेप: संघकार्याच्या नावाखाली सगळं ओझं आशांवर लादलं जातं. अगदी बरोबर. कागदोपत्री आजही त्या 'स्वयंसेविका', हातात पगाराऐवजी मोबदला, आणि सर्वेक्षण कुठलंही निघो, दारोदार फिरायचं त्यांनीच. महाराष्ट्रातल्या आशांना २०२३ मध्ये संपावर जावं लागलं, ते यामुळेच. पण म्हणून संघाची कल्पना टाकून द्यायची? ज्यांच्या जिवावर सेवा चालते त्यांना कर्मचाऱ्याचा दर्जा, नियमित वेतन आणि निर्णयात शब्द द्यायला हवा. संघ म्हणायचं आणि हिशेबाच्या वेळी स्वयंसेविका म्हणायचं, हे चालणार नाही.

हे सगळं स्वप्नरंजन नाही. रक्तदाब नियंत्रणाचा एक राष्ट्रीय उपक्रम २०१७ मध्ये महाराष्ट्रासह पाच राज्यांतल्या काही जिल्ह्यांत सुरू झाला. त्यात औषधांचा साधा, ठरलेला क्रम होता, गोळ्या महिन्याभराच्या, आणि पुढच्या तपासण्या रुग्णाच्या घराजवळच्या केंद्रात. कोण आलं नाही याची नोंद ठेवून पाठपुरावा करायचा, तोही सगळ्यांनी मिळून. यातलं काहीही मोठ्या इमारतीवाचून अडत नाही.

आशांची मासिक सभा प्रत्येक केंद्रात होतेच. आज तिथे उद्दिष्टं विचारली जातात, फॉर्म गोळा होतात. त्या सभेचा पहिला अर्धा तास यायचे थांबलेल्या रुग्णांसाठी राखून ठेवावा. डॉक्टर, सिस्टर, औषध निर्माते सगळे समोर बसलेले हवेत, आणि एकेक नाव घेऊन आशाताईंनी सांगावं: कोण माहेरी गेलं, कुणाची मजुरी बुडते, कुणाला गोळीने चक्कर येते. बीडमध्ये ही सभा दिवाळीआधी व्हावी आणि टोळ्या निघण्यापूर्वी हंगामभराच्या गोळ्या रुग्णांच्या हाती पडाव्यात, सोबत कारखान्याजवळच्या केंद्राच्या नावाने चिठ्ठीही.